आवाजाला चेहरा देताना

रेडिओवरच्या गणपतीला उंची द्यावी लागत नाही. आमच्या एका स्किटमध्ये लंडनच्या हॅरो भागातल्या, काउन्सिलच्या म्हणजे तिथल्या पालिकेच्या इमारतीत एक मराठी कुटुंब लिफ्टमधून गणपती सातव्या मजल्यावर नेतं, गोष्ट एवढीच. "जरा तिरका करा", "आजी, पोट आत घ्या", "अहो, सोंड दारात येतेय!" अशी वाक्यं एकावर एक आदळत, मध्येच दार मिटता मिटता परत उघडे, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूर्ती वाढतच जाई. ती किती फुटी, ते आम्ही कुठेही म्हटलं नव्हतं. पुढे हीच स्किट्स कॅमेऱ्यापुढे करायचं ठरलं आणि पहिल्याच बैठकीत नेपथ्य सांभाळणाऱ्या मित्राने वही उघडून विचारलं, "मूर्ती किती फुटी धरू?"

त्याला उत्तर द्यायला आम्हाला बरेच आठवडे लागले. त्या आठवड्यांत जे काही कळलं ते इथे लिहिते आहे. आपल्याकडे ऑडिओवरून व्हिडिओकडे वळणारे बरेच गट आहेत, त्यांना कदाचित उपयोग होईल.

आम्ही वायव्य लंडनमधली सहा माणसं. कुणी फार्मासिस्ट, कुणी आयटीत, एक काकू निवृत्त शिक्षिका. इथल्या एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर महिन्यातून एकदा अर्ध्या तासाचा मराठी विनोदी कार्यक्रम करायचो. पाच-सहा स्किट्स, मध्ये एखादं गाणं. लिहिण्याचं काम बहुतेक माझ्याकडे. मग एका कॉलेजच्या मीडिया विभागाकडून विचारणा झाली. त्यांच्या विद्यार्थ्यांना तीन कॅमेऱ्यांच्या स्टुडिओत सरावासाठी खराखुरा कार्यक्रम हवा होता, आणि आम्हाला गणेशोत्सवात पडद्यावर दाखवायला काहीतरी हवं होतं. जागा, कॅमेरे, दिवे त्यांचे. संहिता, नट, कपडे आणि नेपथ्य आमचं.

माझा कान घडला मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेवर. त्यातल्या टेकाडे भावजींना मी कधी पाहिलं नव्हतं, तरी ते कसे दिसतात याची मला पक्की खात्री होती. लग्न होऊन लंडनला आले त्यानंतर, १९९६ साली, बीबीसीच्या रेडिओ फोरवर 'गुडनेस ग्रेशस मी' हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. रेडिओ फोर म्हणजे इथल्या सुशिक्षित, मध्यमवयीन, गोऱ्या घरांचं केंद्र. त्यावर संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि नीना वाडिया असे चौघं आपल्याच घरातले आवाज काढत होते. मुलाच्या पगारावरून एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या आया, जगातली प्रत्येक गोष्ट मूळची भारतातलीच असं ठासून सांगणारे वडील, नाव बदलून स्वतःला इंग्रज समजणारी जोडपी. नीना वाडिया तर मुंबईतच जन्मलेली. तिने काढलेल्या बायकांच्या आवाजात मला डोंबिवलीच्या जिन्यातले आवाज ऐकू यायचे. जानेवारी १९९८ मध्ये तोच कार्यक्रम बीबीसी टूवर आला आणि २००१ पर्यंत चालला.

कॉलेजची विचारणा आल्यावर सगळ्यात आधी आम्ही हेच केलं. या वाटेने आधी गेलेली मंडळी कशी गेली ते नीट ऐकलं आणि पाहिलं. इंग्लंडमध्ये ही वाट चांगलीच मळलेली आहे. रेडिओवर कार्यक्रम स्वस्तात होतो, चार नट आणि एक माइक एवढ्यात भागतं, पात्रं लोकांना आवडली तर मग टीव्ही पैसे घालतो. 'द लीग ऑफ जेंटलमेन' १९९७ मध्ये रेडिओवर होतं आणि १९९९ मध्ये टीव्हीवर आलं. 'डेड रिंगर्स', 'लिटल ब्रिटन', मिचेल आणि वेब यांचा कार्यक्रम, सगळे याच दाराने आत शिरले.

पण पहिली गोष्ट कळली ती त्याहून कितीतरी जुन्या कार्यक्रमातून. पन्नासच्या दशकातला, बीबीसी रेडिओवरचा 'द गून शो'. त्याचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन हा १९१८ साली आपल्या अहमदनगरला जन्मला. वडील सैन्यात, लहानपण बरंचसं पुण्याच्या कॅम्पात गेलं. मला याचं फार अप्रूप आहे आणि ते मी लपवत नाही. गून शोमध्ये एकल्स नावाचा एक भोळा प्राणी आहे. त्याला कुणी विचारतं, किती वाजले? तो म्हणतो, थांब, माझ्याकडे कागदावर लिहिलेले आहेत. सकाळी एका सद्गृहस्थाने त्याला वेळ लिहून दिली होती आणि तो ती दिवसभर खिशात घेऊन फिरतो. या विनोदाला काहीही दिसायची गरज नाही. किंबहुना तो कागद दिसला की विनोद अर्धा होतो. १९६३-६४ मध्ये बीबीसीने मिलिगन आणि त्याचे दोन जोडीदार यांच्या आवाजावर 'द टेलिगून्स' नावाने बाहुल्यांचा कार्यक्रम केला. बाहुल्या मेहनतीने केलेल्या आहेत, आवाज त्याच तिघांचे आहेत, आणि तरीही मला बघताना सारखं वाटत राहिलं की माझा एकल्स हा नव्हे. प्रत्येक ऐकणाऱ्याच्या डोक्यात स्वतःचा एकल्स असतो. बाहुली आली की त्या लाखोंच्या जागी एकच उरतो.

तेव्हा प्रश्न असा होता: रेडिओवर निम्मं काम ऐकणारा करतो. कॅमेरा आल्यावर त्याचं ते काम कुणी करायचं?

आमच्या दिग्दर्शिकेने याचं उत्तर शोधलं. ती पूर्वी एका निर्मितिसंस्थेत काम करायची, आता पूर्णवेळ घर सांभाळते. तिने 'गुडनेस ग्रेशस मी'मधलं ते गाजलेलं रेस्टॉरंटचं स्किट आम्हाला पुन्हा पुन्हा दाखवलं. तुम्ही पाहिलं असेल. इंग्लंडात शुक्रवारी रात्री दारू पिऊन टोळकी 'इंडियन' खायला जातात आणि वेटरची टर उडवतात, तिखटात तिखट पदार्थ मागवून मर्दुमकी दाखवतात. स्किटमध्ये हे सगळं उलटं होतं. मुंबईत लस्सी पिऊन झिंगलेले दोस्त 'इंग्लिश' खायला येतात, गोऱ्या वेटरच्या नावाचा चेंदामेंदा करतात आणि मेन्यूतला सगळ्यात अळणी पदार्थ कोणता ते विचारतात. दिग्दर्शिकेने आवाज बंद केला आणि म्हणाली, आता फक्त वेटरकडे बघा. तो नम्रपणे उभा असतो. ओठ मिटलेले, हातात वही. ओरडतायत ते चौघं, पण हसू येतं ते त्याच्या गप्प उभं राहण्यामुळे.

तिचं म्हणणं असं की रेडिओवर घरात बसलेला माणूस ऐकतो आणि मनात चित्र उभं करतो. टीव्हीवर ते ऐकण्याचं काम चौकटीतल्याच एका माणसाला द्यावं लागतं. बोलतोय कोण हे ठरलेलंच असतं. कोण ऐकतंय ते ठरवा, आणि कॅमेरा त्याच्यावर ठेवा. तिने आमच्या सगळ्या संहितांच्या समासात निळ्या शाईने एक रकाना पाडला, 'कोण ऐकतंय?' आणि प्रत्येक वाक्यासमोर तो भरायला लावला. ज्या वाक्यासमोर रकाना रिकामा राही, ते वाक्य बहुतेक वेळा काढावंच लागे.

वाक्यं काढण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. रेडिओच्या संहितेत पात्रं सतत डोळ्यांचं काम करत असतात. आमच्या गणपतीच्या स्किटची सुरुवात अशी होती:

"अगं बाई, लिफ्ट आली! केवढीशी आहे ही! आणि यात आधीच ते तळमजल्यावरचे मिस्टर हॅरिस सायकल घेऊन उभे आहेत!"
"गुड आफ्टरनून, मिस्टर हॅरिस! आमच्या हातात काय आहे विचारताय? हा आमचा गणपती!"

टीव्हीसाठी ते असं झालं. दार उघडतं. आत मिस्टर हॅरिस, सायकल. बाहेर सहा माणसं आणि जरीच्या कापडाखाली झाकलेलं काहीतरी. कुणीच बोलत नाही. हॅरिस सायकल उभी करतात, पुढचं चाक वर. मग सासरे म्हणतात, "थँक यू."

दोन लांब वाक्यांच्या जागी एक 'थँक यू' उरला. मला सुरुवातीला हे जड गेलं, कारण ती वाक्यं बोलीच्या लयीत बसवायला मी रात्री घालवल्या होत्या. पण आम्ही दोन्ही आवृत्त्या तालमीत करून पाहिल्या आणि दुसरीत काकू स्वतःच हसायला लागल्या.

तर, मूर्ती किती फुटी? याचं उत्तर आपल्या रिवाजातच होतं. गणपती घरी आणताना त्याचं मुख झाकलेलं असतं, प्राणप्रतिष्ठेपर्यंत ते उघडत नाहीत. मग आम्ही मूर्ती दाखवायचीच नाही असं ठरवलं. सुरुवातीला कापडाचा एक उंचवटा ओझरता दिसतो, एवढंच. त्यानंतर कॅमेरा लिफ्टच्या आत, मूर्तीच्या जागी. म्हणजे पडद्यावर दिसतात ती फक्त माणसांची तोंडं: कापडाच्या कडेतून डोकावणारी आजी, मान वाकडी करून उभा मुलगा, सायकलच्या चाकामागे अडकलेले हॅरिस. सगळ्यांची नजर वर. प्रत्येक मजल्यावर ती नजर आणखी थोडी वर जाते. नटांना कळावं म्हणून आम्ही समोरच्या भिंतीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या होत्या, पहिल्या मजल्याला इथे बघायचं, तिसऱ्याला इथे, सातव्याला थेट छताकडे. प्रेक्षकाच्या मनातली मूर्ती पुन्हा वाढायला लागली. रेडिओवर जे काम कानाने होत होतं ते इथे सहा जणांच्या मानांनी केलं.

लिफ्ट प्लायवूडची होती, तीन बाजूंची. ती हलतेय असं वाटायला हवं होतं. कॉलेजच्या दिव्यांवर काम करणाऱ्या मुलीने एका पुठ्ठ्याला आडव्या फटी पाडल्या आणि तो दिव्यासमोरून सावकाश खाली ओढला. चेहऱ्यांवरून उजेडाचे पट्टे सरकले की मजले मागे पडतायत असं वाटतं. निघताना आणि थांबताना सगळ्यांनी एकदम गुडघे किंचित वाकवायचे. हे 'एकदम' जमायला तालमी लागल्या. काकू नेहमी अर्ध्या सेकंदाने मागे राहायच्या, आणि दिग्दर्शिकेने शेवटी ते तसंच ठेवलं. आजीचा गुडघा उशिराच वाकणार.

सगळी स्किट्स अशी तरून गेली नाहीत. आमचं हळदीकुंकवाचं स्किट रेडिओवर सर्वात लोकप्रिय होतं. त्यात अकरा बायका होत्या आणि त्या आम्ही तिघी मिळून करायचो. माइकच्या जवळ गेलं की यजमानीण, एक पाऊल मागे सरलं की कोपऱ्यातली नवी सून, तोंडावर हात धरून मान वळवली की स्वयंपाकघरातून हाक मारणारी नणंद. कागदाचा आवाज येऊ नये म्हणून झालेलं पान हलकेच खालच्या गालिच्यावर सोडून द्यायचं. हे सगळं रेडिओवर क्षणात होतं. कॅमेऱ्यासमोर एकच बाई तीन बायका म्हणून एका खोलीत उभी राहू शकत नाही. राहते, पण मग प्रत्येक वेळी साडी, अंबाडा, टिकली बदलून वेगळं चित्रण आणि नंतर जोडकाम. तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. ते स्किट आम्ही रेडिओसाठीच ठेवलं आणि मला ते योग्यच वाटतं. काही गोष्टी आवाजासाठीच जन्मलेल्या असतात.

'द लीग ऑफ जेंटलमेन'ने इथे वेगळा रस्ता काढला होता, तो सांगण्यासारखा आहे. त्यांचे नट तीनच, पात्रं डझनावारी. रंगमंचावर आणि रेडिओवर ते आवाजाने भागायचं. रेडिओवर येतानाच त्यांनी सगळ्या पात्रांना स्पेंट नावाच्या एका गावात राहायला पाठवलं. टीव्हीवर ते गाव रॉयस्टन व्हेझी झालं आणि डर्बीशरमधल्या हॅडफील्डला चित्रित केलं. ओला दगड, चढाची गल्ली, टेकडीवरचं दुकान. सुटी सुटी स्किट्स होती ती एका गावची हकिकत झाली. आणि ते गाव डोळ्यांना दिसणं, हे रेडिओ देऊच शकला नसता. 'लिटल ब्रिटन'ने मात्र रेडिओवरचा एक धागा तसाच आणला. टॉम बेकर या नटाचं निवेदन. घनगंभीर आवाजात तो काहीतरी तऱ्हेवाईक बोलतो आणि आपण पुढच्या पात्राकडे जातो. त्यावरून धडा घेऊन आम्हीही आमच्या रेडिओवरच्या निवेदकाचा आवाज ठेवला, चेहरा दाखवला नाही.

आमचं बातमीपत्राचं स्किट कसं बदललं ते सांगायलाच हवं, कारण मला स्वतःला त्यात सर्वात जास्त मजा आली. रेडिओवर आम्ही जुन्या आकाशवाणीच्या थाटात, संथ, शुद्ध, एकसुरी आवाजात हॅरोच्या मराठी मंडळाच्या बातम्या द्यायचो. "काल झालेल्या कार्यकारिणीच्या बैठकीत वडापावातील बटाट्याच्या प्रमाणाबाबत चिंता व्यक्त करण्यात आली." हे कॅमेऱ्यापुढे ठेवून पाहिलं तर टेबलामागे बसून वाचणारी एक बाई, बाकी काही नाही. तेव्हा 'ऑन द अवर'ची आठवण झाली. अरमांडो इयानुची आणि क्रिस मॉरिस यांचा तो कार्यक्रम १९९१-९२ मध्ये रेडिओवर होता आणि रेडिओच्या बातम्यांचं विडंबन करायचा. १९९४ मध्ये तो 'द डे टुडे' या नावाने टीव्हीवर आला, तेव्हा त्यांनी रेडिओची बातमी टीव्हीवर नेली नाही. टीव्हीच्या बातम्यांनाच पकडलं. गरगर फिरणारी ग्राफिक्स, कारण नसताना धडाडणारं संगीत, निवेदकाचा उर्मट रुबाब. ॲलन पार्ट्रिज हा क्रीडा वार्ताहर रेडिओवर नुसता स्टीव्ह कूगनचा आवाज होता, इथे त्याला ब्लेझर मिळाला आणि तो माणूस म्हणून उभा राहिला.

आम्हीही तेच केलं. आकाशवाणी बाजूला ठेवली आणि मराठी वृत्तवाहिनी धरली. पडद्याच्या चार खिडक्यांत चार जण एकाच वेळी ओरडतायत, खाली लाल पट्टी पळतेय, 'बटाटा गेला कुठे?', आणि वडापावाच्या फोटोवर लाल वर्तुळ आणि त्याकडे बोट दाखवणारा बाण. बातमी तीच, बटाट्याचीच. कॉलेजच्या मुलांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी ती पट्टी तयार करताना त्यांना नेमकं काय चाललंय ते कळत होतं, कारण असल्या पट्ट्या सगळ्या देशांत पळतात.

फोनच्या स्किटचं लवकर निपटलं. रेडिओवर पलीकडचा आवाज फोनमधून आल्यासारखा बारीक करता येतो. टीव्हीवर आम्ही पलीकडची पुण्याची आत्या दाखवलीच नाही आणि ऐकवलीही नाही. लंडनच्या सुनेचा चेहरा आणि तिचे "हो आत्या", "नाही आत्या" एवढंच ठेवलं.

एका निर्णयावर मात्र आम्ही बराच वेळ बसलो. बसच्या स्किटमध्ये एक जमैकन वंशाचा ड्रायव्हर होता. रेडिओवर त्याचा आवाज आमच्यातलाच एक जण काढायचा, आणि चांगला काढायचा. आता त्याला दिसायचं होतं. आणि इथे 'गुडनेस ग्रेशस मी'च्या नावाचा इतिहास आडवा आला. हे नाव आलं १९६० च्या 'द मिलिअनेअरेस' या चित्रपटाशी जोडलेल्या गाण्यावरून. त्यात पीटर सेलर्स भारतीय डॉक्टर झाला होता, सोफिया लॉरेनसमोर, रंग फासून, हेल काढून. हा तोच सेलर्स, मिलिगनचा गून शोमधला जोडीदार. त्या दोघांनी रेडिओवर लालकाका आणि बॅनर्जी असे दोन भारतीयही रंगवले होते. सेलर्स मोठा नट होता, यात वादच नाही. पण त्याच्या त्या हेलाने पुढची कित्येक वर्षं शाळेच्या मैदानांवर आपल्या मुलांना चिडवलं गेलं. संजीव भास्कर वगैरे चौघांच्या कार्यक्रमाचं आधी ठरत असलेलं नाव होतं 'पीटर सेलर्स इज डेड'. त्यांना सेलर्स आवडायचा, म्हणून ते बदललं, आणि त्याच्या गाण्याचं नाव घेऊन त्याच गाण्याला भांगड्याचा ठेका दिला. रेडिओवर आपला आवाज कुणीही काढू शकतो. टीव्हीवर ते चौघं आले तेव्हा तो हेल आणि तो चेहरा एकाच माणसाचा होता, आणि हेल कधी लावायचा, कधी नाही, तेही तोच माणूस ठरवत होता. १९९८ सालच्या त्या पहिल्या भागांचं मोल मला यासाठी वाटतं.

दुसऱ्या टोकाला 'लिटल ब्रिटन'. टीव्हीवर त्यांनी दुसऱ्या वंशाची पात्रं रंग लावून केली, आणि जून २०२० मध्ये बीबीसी आयप्लेअर आणि नेटफ्लिक्सने तो कार्यक्रम काढून टाकला. माझं मत असं की नुसत्या आवाजात जे खपून जातं त्याचा हिशेब रंगरंगोटीच्या वेळी द्यावाच लागतो.

आम्ही ड्रायव्हरची भूमिका काकूंच्या शेजाऱ्यांना दिली. ते जमैकन वंशाचे आणि खरोखरच लंडनची बस चालवणारे. त्यांना संहिता दिली, त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, ड्रायव्हर एवढं बोलतच नाही. मराठी मावशी स्टीलचा भलामोठा डबा घेऊन दारात अडून बसली, तर तो वाद घालत नाही, बटण दाबतो. मग बसमधला तो यांत्रिक बाईचा आवाज येतो, कृपया बसमध्ये आत सरका. मावशी वाद घालत राहते त्या आवाजाशी, आणि ड्रायव्हर आरशातून बघत बसतो. माझा पाऊण पानाचा संवाद गेला. त्या जागी एक बोट, एक बटण आणि आरशातले दोन डोळे आले. संपूर्ण कार्यक्रमात सर्वात मोठा हशा तिथेच आला.

हशाचंही एक शास्त्र आहे. स्टुडिओत समोर प्रेक्षक बसवले होते, मंडळातलीच मंडळी. रेडिओच्या ध्वनिमुद्रणालाही आम्ही कधीकधी लोक बोलवायचो, पण तिथे नट हातात कागद धरून उभे असतात आणि लोक शब्दांना हसतात. इथे पाठांतर पक्कं लागतं, कारण डोळे कागदात असले की चेहरा मेला. हशा आला की थांबायचं, पण नट म्हणून थांबायचं नाही, पात्र म्हणून थांबायचं, म्हणजे त्या पात्राला त्या क्षणी जे वाटतंय ते चालू ठेवायचं. बसचं स्किट आधीच बाहेर चित्रित करून झालं होतं, ते प्रेक्षकांना मोठ्या पडद्यावर दाखवून त्यांचा हशा मुद्रित केला. टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमांची ही जुनी पद्धत आहे. कपडे बदलायला वेळ लागतो तेव्हा लोकांना धरून ठेवायला एक बोलका माणूस लागतो. ते काम आमच्या फार्मासिस्टने केलं, आणि त्या मधल्या वेळात त्याने लोकांना जे किस्से सांगितले ते मला पुढच्या कार्यक्रमात हवे आहेत.

गणेशोत्सवात चौथ्या दिवशी आरतीनंतर कार्यक्रम दाखवला. रेडिओचे आमचे जुने श्रोते बरेच होते. एक आजोबा नंतर येऊन म्हणाले, मूर्ती तुम्ही दहा फुटी आणलीत, रेडिओवर बारा फुटी होती. मी म्हटलं, काका, आम्ही मूर्ती आणलीच नव्हती. त्यांचा विश्वास बसेना.

रेडिओचा कार्यक्रम आम्ही सोडलेला नाही. महिन्याचा अर्धा तास चालू आहे, हळदीकुंकवाच्या अकरा बायका तिथे सुखात आहेत. पण कॅमेऱ्यासाठीचं पुढचं लिखाण आता रेडिओतून उचलायचं नाही, थेट लिहायचं, असं ठरलंय. 'गुडनेस ग्रेशस मी'ने टीव्हीवर गेल्यावर एका जुन्या ऑस्ट्रेलियन मालिकेतली कांगारूची दृश्यं घेऊन त्याला पंजाबी कांगारूचा आवाज दिला होता. ती गोष्ट आधी रेडिओवर सुचणं शक्यच नव्हतं, चित्र समोर असल्यावरच ती सुचते. तसं काहीतरी हवंय.

पहिलं पान मी लिहून दिलंय. हीथ्रो, कस्टम्स, आईची बॅग. अधिकारी एकेक पुडी बाहेर काढून टेबलावर मांडतो. मेतकूट, कोकम, सांडगे, कुळथाचं पीठ. रेडिओवर असतं तर प्रत्येक गोष्टीचं नाव घ्यावं लागलं असतं आणि "शी, हा कसला उग्र वास!" हेही कुणालातरी म्हणावं लागलं असतं. या पानावर एकही संवाद नाही. शेवटची ओळ आहे: अधिकारी हिंगाची डबी उघडतो. समासातल्या निळ्या रकान्यात दिग्दर्शिकेने तीन जणांची नावं लिहिली आहेत: अधिकारी, आई, आणि मागच्या रांगेतला कुत्रा. कुत्रा कुठून आणायचा ते नेपथ्यवाल्या मित्राने विचारलंय.